आधी विहीर, मग मोगरा

एप्रिल लागला की आई सकाळी विहिरीवर जायची. कळशी वर आली की ओंजळभर पाणी तोंडात घ्यायची, चूळ भरून टाकायची आणि क्षणभर थांबून म्हणायची, "गोड आहे अजून" किंवा "मचूळ झालं हो." पुढचे दोन महिने कोणत्या फुलझाडाला किती पाणी मिळणार, हे त्या एका चुळीवर ठरायचं. मचूळ म्हणजे खारट नव्हे. मचूळ पाण्यात भात शिजतो, पण डाळ शिजायला वेळ लागतो, साबणाला फेस येत नाही आणि पाणी प्यायलं तरी तहान भागल्यासारखी वाटत नाही. झाडांचंही तसंच होतं. पाणी मिळतं, पण तहान राहते.

लहानपणी मला वाटायचं की ही आईची एक सवय आहे. पुढे वनस्पतिशास्त्र वाचलं, गावोगावच्या बागा पाहिल्या, वाडीत स्वतः चुका केल्या. आता इतकं पक्कं कळलं आहे की नागावात फुलबाग करायची तर सुरुवात रोपवाटिकेपासून होत नाही, विहिरीपासून होते.

अलिबागहून रेवदंड्याच्या रस्त्याला लागलं की साखरेची खाडी ओलांडून आक्षी लागतं, मग नागाव, पुढे चौल. अष्टागरातला हा पट्टा. पश्चिमेला समुद्र, किनाऱ्याला सुरूचं बन, त्याच्या आत नारळी-पोफळीच्या वाड्या आणि वाड्यांच्या सावलीत घरं. वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, पण जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. उरलेले आठ महिने आभाळाकडून थेंबाचीही खात्री नाही. उष्ण कटिबंधातल्या फुलझाडांची पुस्तकं मलायाची, हवाईची, सिंगापूरची असतात. तिथे बाराही महिने अधूनमधून सर येते. आपल्याकडे हवा तीच, ऊन तेच, दमटपणाही तोच, पण आठ महिन्यांचा कोरडा काळ मात्र आपला. तो निभावून नेतं ते विहिरीतलं पाणी.

हे पाणी जमिनीखाली कसं असतं ते समजून घेतलं की बागेतल्या निम्म्या प्रश्नांची उत्तरं मिळतात. पावसाचं गोड पाणी वाळूतून मुरत खाली जातं आणि समुद्राकडून आत आलेल्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं, कारण खारं पाणी जड असतं. फरक थोडासाच, समुद्राचं पाणी गोड्या पाण्यापेक्षा अडीच टक्के जड. पण त्या एवढ्याशा फरकावर किनाऱ्यावरची गावं जगतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस घायबेन या डच अभियंत्याने आणि 1901 साली हर्झबर्ग या जर्मन अभियंत्याने स्वतंत्रपणे एकच हिशेब मांडला: वाळूच्या जमिनीत गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीच्या जितकी वर असेल, त्याच्या साधारण चाळीसपट खोलीपर्यंत खाली गोडं पाणी असतं. वर एक फूट, तर खाली चाळीस फूट. याची उलटी बाजू भीतीदायक आहे. उपशाने वरची पातळी एक फूट उतरली, तर खालचं खारं पाणी हळूहळू चाळीस फूट वर सरकू पाहतं. जिथे वाळूखाली काळा कातळ लागतो तिथे हे गणित इतकं सरळ चालत नाही, पण तत्त्व बदलत नाही.

रहाट होता तेव्हा पाणी सावकाश निघायचं. माळेवरचे पोहरे एकामागून एक वर येत, पन्हळीत ओतले जात, पाटाने पाणी आळ्यात पोचेपर्यंत विहिरीला झरे भरून काढायला वेळ मिळायचा. पंप आला आणि अर्ध्या तासात विहिरीचा तळ दिसू लागला. पंप जिथून खेचतो तिथेच खालचं खारं पाणी टेंगळासारखं वर उचललं जातं. म्हणून किनाऱ्याजवळच्या वाडीत पंप एका दमात दोन तास चालवण्यापेक्षा पहाटे वीस मिनिटं आणि संध्याकाळी वीस मिनिटं चालवावा. मला विचाराल तर ही एक गोष्ट पाळणं कोणत्याही खतापेक्षा मोलाचं आहे.

आईच्या जिभेच्या जोडीला आता टीडीएस मीटर आहे. पेनाएवढं यंत्र, पाण्यात बुडवलं की विरघळलेल्या क्षारांचा आकडा दाखवतं. लिटरमागे 450 मिलिग्रॅमपर्यंत पाणी कोणत्याही फुलझाडाला निर्धास्त द्यावं. 450 ते 2000 या पट्ट्यात झाड ओळखून द्यावं. 2000 च्या वर गेलं की बहुतेक नाजूक झाडांना ते देऊच नये. समुद्राच्या पाण्यात हा आकडा 35,000 च्या घरात असतो. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला विहिरीचं पाणी मोजून भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवावं. दोन वर्षांच्या नोंदी झाल्या की आपली विहीर कधी फिरते ते तारखेनिशी कळतं.

खारेपणा झाडाला दोन वाटांनी मारतो. मातीतल्या पाण्यात मीठ वाढलं की मुळांना ते ओढून घेणं जड जातं, म्हणजे ओल्या मातीत उभं असूनही झाड तहानलेलं राहतं. शिवाय पाण्याबरोबर आत गेलेला क्लोराइड पानाच्या टोकाला साठत जातो आणि पान टोकापासून कडेकडेने करपतं. साध्या तहानेत सगळं पान मलूल होतं आणि पाणी मिळालं की संध्याकाळपर्यंत ताठ उभं राहतं. मिठाने करपलेली कड परत हिरवी होत नाही. दुपारी झाड मलूल दिसलं की लोक आणखी पाणी घालतात. पाणी मचूळ असेल तर ते मीठच वाढवतात.

मग एप्रिल-मेमध्ये करायचं काय? रोज थोडं थोडं शिंपडू नका. त्या शिंपडण्यातलं पाणी उडून जातं आणि मीठ वरच्या दोन बोटांत साठतं. चार दिवसांनी द्या, पण आळं भरून द्या, म्हणजे मीठ मुळांच्या खाली ढकललं जातं. पानांवर मचूळ पाणी उडवू नका. आळ्यात पातेरा, सुक्या झावळ्यांचे तुकडे, सोडणं पसरा. नारळाची सोडणं आळ्यात पुरताना पोकळ बाजू वर ठेवायची, म्हणजे प्रत्येक सोडण एक छोटी वाटी होते आणि ओल धरते. कोकोपीट वापरणार असाल तर आधी दोन-तीन वेळा गोड्या पाण्यात भिजवून पिळून घ्या, कारण किनाऱ्यावर मुरवलेल्या काथ्याच्या भुशात मीठ असतं. आणि घरात आरओचं यंत्र असेल तर त्याचं टाकाऊ पाणी कुंडीत ओतू नका. यंत्र क्षार ज्या पाण्यात सोडून देतं तेच ते पाणी. मूळ पाणी मचूळ असेल तर हे त्याहून खारं. उलट वातानुकूलन यंत्राच्या नळीतून ठिबकणारं पाणी जवळजवळ क्षारविरहित असतं. आजकाल नागावात जागोजागी पाहुण्यांसाठी खोल्या झाल्या आहेत आणि त्यांच्या भिंतींवरून हे पाणी दिवसरात्र वाया जातं. त्याखाली एक बादली ठेवली तरी दोन अनंत जगतात.

पावसाळा हे सगळं धुऊन काढतो. जूनमधल्या पहिल्या चार-पाच मोठ्या सरींत उन्हाळाभर साठलेलं मीठ वाळूतून खाली निघून जातं. छपराच्या पागोळ्या विहिरीत किंवा विहिरीजवळच्या शोषखड्ड्यात सोडल्या तर गोड्या पाण्याचा थर आणखी जाड होतो. शंभर चौरस मीटरच्या छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की शंभर लिटर पाणी होतं. आपल्याकडच्या एका पावसाळ्याचे दोन लाख लिटर. पहिल्या सरींत छपरावरची धूळ, पाचोळा वाहून जाऊ द्यावा आणि मग पाणी वळवावं.

आता अनंताविषयी, कारण त्याने मला जे शिकवलं ते पाण्याने शिकवलं नव्हतं. घराच्या पश्चिमेला, ओटीवरून वास येईल अशा जागी अनंत हवा अशी बायकोची फार दिवसांची इच्छा. एका रोपवाटिकेतून हिरवंगार, कळ्यांनी भरलेलं रोप आणलं. कळ्या फुलल्या, घर दरवळलं. दोन महिन्यांत नवी पानं पिवळी येऊ लागली. शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा, जणू पानावर कुणी हिरव्या दोऱ्याने जाळं विणलंय. मी शेणखत घातलं. मग युरिया घातला. पिवळेपणा वाढत गेला. कळ्या यायच्या, मुगाएवढ्या व्हायच्या आणि गळायच्या.

एकदा आळं उकरताना मूठभर माती तळहातावर घेऊन उन्हात नीट पाहिली. करड्या वाळूत पांढरे, गुलाबी, जांभळट कण चमकत होते. शिंपल्यांचा चुरा. शतकानुशतकं समुद्राने आणून टाकलेला. स्वयंपाकघरातून लिंबू आणून त्यावर पिळलं. बारीक फस्स आवाज आला आणि कणांवर बुडबुडे उठले. शिंपला म्हणजे चुना. चुनखडीच्या मातीत लोह असतं, पण ते अशा रूपात जाऊन बसतं की मुळांना घेता येत नाही. लोहाशिवाय पानात हरितद्रव्य तयार होत नाही. आम्लधर्मी मातीत वाढणाऱ्या अनंताला मी चुन्यात लावलं होतं आणि वर त्याला नको असलेलं खत भरवत होतो.

दुसरी गोष्ट त्याच दिवशी दिसली. रोपाच्या मुळांभोवतीची हुंडी तांबड्या चिकण मातीची होती आणि ती विटेसारखी कोरडी होती. भोवतालची वाळू ओली, हुंडी कोरडी. पाणी वाळूतून सरसर निघून जात होतं, चिकट हुंडीत शिरतच नव्हतं. रोपवाटिकांना ही माती सोयीची असते, कारण टेम्पोत हादरे बसले तरी हुंडी फुटत नाही. आपण मात्र रोप लावण्याआधी हुंडी तासभर पाण्यात बसवून बाहेरची चिकण माती हलक्या हाताने मोकळी करून घ्यावी, मुळं थोडी सुटी करावी आणि मगच लावावं.

अनंत मी हलवला. जुन्या पिंपाचा खालचा अर्धा भाग कापून त्यात लाल माती, पालापाचोळ्याचं कुजलेलं खत आणि धुतलेलं कोकोपीट भरलं, तळाला भोकं पाडली. हिराकस लिटरला पाच ग्रॅम या प्रमाणात विरघळवून पंधरा दिवसांच्या अंतराने तीनदा पानांवर फवारला. चुन्याच्या जमिनीत हिराकस मातीत घालून उपयोग नसतो, तोही तिथे अडकून पडतो. मातीतूनच द्यायचं तर ईडीडीएचए या प्रकारचं चिलेटेड लोह घ्यावं, ते चुन्यातही विरघळलेलं राहतं. नवी पालवी हिरवी आली तेव्हा बायकोने पहिलं पान बोटांत धरून उलटसुलट करून पाहिलं आणि काही न बोलता देवघरात गेली. लिंबाची ही परीक्षा मी आता जो येईल त्याला सांगतो. खड्डा घेण्याआधी मूठभर माती, त्यावर लिंबू. फसफसलं तर अनंत आणि एक्झोरा जमिनीत लावू नका, त्यांना कुंडी किंवा लाल मातीचा उंच वाफा द्या. जास्वंद लावा, पण तिच्या पानांवर लक्ष ठेवा.

जुन्या वाडीत फुलझाडांना वेगळी जागा नसायची. ती वाडीच्या घडणीतच मुरलेली असत. न्हाणीच्या सांडपाण्यावर कर्दळ, सोनटक्का आणि अळू. पाटाच्या दांडावर अबोली, कारण जाता जाता तिला ओल मिळायची. वईला जास्वंद आणि तगर. अंगणात तुळशीजवळ मोगरा, तिथे ऊन सगळ्यात जास्त. समुद्राकडच्या कुंपणाला कण्हेर, उंडी, केवडा. देवळाच्या आवारात चाफा आणि बकुळ. हे सौंदर्यासाठी मांडलेलं नव्हतं. प्रत्येक झाड आपापल्या पाण्याच्या आणि वाऱ्याच्या जागी होतं. खारा वारा अंगावर घेणारी झाडं पुढे, नाजूक झाडं त्यांच्या पाठीशी.

कण्हेर आणि पांढरा चाफा खाऱ्या वाऱ्याला भीत नाहीत. बकुळीचं चिवट, चकचकीत पान मीठ झटकून टाकतं. उंडी तर किनाऱ्याचीच, तिच्या पांढऱ्या फुलांचा मंद वास किती जणांच्या लक्षातच येत नाही. सदाफुली आणि बोगनवेल वाळूत, वाऱ्यात, तहानेत फुलतात. बोगनवेलीला भरपूर पाणी दिलं की ती नुसता पाला वाढवते, पाणी तोडलं की रंग उधळते. तो रंग फुलांचा नसून फुलांभोवतीच्या पानांचा, मधलं पांढरं इवलंसं तेच खरं फूल. कण्हेर लावताना एक ध्यानात ठेवा: तिचं पान, फूल, फांदी, सगळं विषारी आहे. गुरं आणि लहान मुलं पोचतील अशा जागी ती नको.

माडांच्या सावलीचा उपयोग आपल्याकडे जुनाच. रत्नागिरीजवळच्या भाट्ये येथील नारळ संशोधन केंद्राने माडांच्या मधल्या जागेत मसाल्याची पिकं घेण्याची पद्धत आखली आणि ती लाखीबाग या नावाने कोकणभर पोचली. नारळाचं अंतर साडेसात मीटर असेल तर मधल्या जागेत चाळणीतून गाळल्यासारखं ऊन पडतं. त्या उन्हात अबोली, हेलिकोनिया, सोनटक्का आनंदाने राहतात. मोगरा, जास्वंद, सोनचाफा मात्र तिथे जेमतेम फुलतात. त्यांना किमान पाच-सहा तास थेट ऊन हवं.

3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा या घडणीची किंमत कळली. रायगडच्या किनाऱ्यावर ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाचा वारा. माड मोडले, पोफळी मुळासकट आडव्या झाल्या. आमच्या वाडीत दुसऱ्या दिवशी सकाळी उभं राहिलो तर आकाश दिसत होतं. इतकं आकाश त्या वाडीत मी कधी पाहिलं नव्हतं. जी झाडं पडली नव्हती त्यांची समुद्राकडची पानं आगीने शेकल्यासारखी तपकिरी झाली होती, पाठीमागची हिरवी. खारे तुषार. अशा वेळी पहिलं काम छाटणीचं नव्हे. गोडं पाणी असेल तर पानं धुवावीत, नसेल तर पावसाची वाट पाहावी. तपकिरी झालेली फांदी लगेच तोडू नये, नखाने साल थोडी खरवडून पाहावी. खाली हिरवं असेल तर डोळा जिवंत आहे. आम्ही पंधरा दिवस थांबलो आणि मेल्यात जमा धरलेल्या तीन जास्वंदी बुडापासून फुटल्या. खरा फटका पुढे बसला. पावसाची उघडीप पडली तेव्हा इतकी वर्षं सावलीत वाढलेली अबोली आणि सोनटक्का उघड्या उन्हात भाजून निघाले. पडलेल्या झावळ्यांचाच मांडव घालून त्यांना दोन वर्षं सांभाळलं. केळी लावल्या, कारण सावली करायला केळीइतकं वेगाने काही येत नाही.

मोगऱ्याचं वेळापत्रक मी विस्ताराने सांगणार आहे, कारण "आमचा मोगरा फुलत नाही" ही तक्रार दर दुसऱ्या घरात ऐकू येते. मोगरा फुलतो तो नव्या फुटीवर. जुनी फांदी कितीही जपली तरी ती पानंच देते. पावसाळा संपून नोव्हेंबरचा शेवट आला की पाणी तोडायचं. दहा-पंधरा दिवस काही द्यायचं नाही. पानं पिवळी पडू लागतील, पडू द्यावीत. मग धारदार कात्रीने झुडूप दीड फुटावर छाटायचं, सुक्या, आत वळलेल्या, काडीसारख्या बारीक फांद्या काढून टाकायच्या, उरलेली पानं हाताने ओरबाडून घ्यायची. झाड पार उघडंबोडकं दिसतं आणि शेजारीपाजारी हळहळतात. आळ्याची माती चार बोटं खणून दोन-तीन दिवस उन्हात तापू द्यायची. मग पाटीभर शेणखत, मूठभर निंबोळी पेंड, थोडी राख, माती सारखी करून आळं भरून पाणी. चुन्याच्या मातीत मात्र राख टाळावी, ती चुन्याचंच काम करते. तीन आठवड्यांत धुमारे फुटतात, फेब्रुवारीच्या अखेरीस पहिल्या कळ्या दिसतात आणि मार्च ते मे झाड थांबत नाही.

नेमका हाच विहिरीच्या कसोटीचा काळ. म्हणून मोगऱ्याला किनाऱ्यावर सर्वात गोड पाणी राखून ठेवावं लागतं. कळीचं देठ पिवळं पडून ती जांभळट होत गळू लागली तर कळी उघडून आत बारीक अळी आहे का बघा. असेल तर गळलेल्या सगळ्या कळ्या गोळा करून नष्ट करायच्या, तिथेच पडू द्यायच्या नाहीत, कारण किडीची पुढची पिढी त्याच मातीत तयार होते. पानाच्या खाली बारीक जाळी आणि वर पांढुरके ठिपके दिसले तर तो लाल कोळी. पानांच्या खालून गोड्या पाण्याचा जोरदार फवारा मारला तरी तो बराच आटोक्यात येतो.

कळ्या तोडायच्या त्या संध्याकाळी ऊन कलल्यावर. हिरवट कळी तोडली तर उमलत नाही. बोटाच्या पेरात धरल्यावर भरीव लागणारी, दुधासारखी पांढरी, टोक घट्ट मिटलेली कळी घ्यावी. ओल्या फडक्यात ठेवली की रात्री आठाच्या सुमारास उमलते. एक-दोन नव्हे, सगळ्या एकदम. पांढरा रंग आणि रात्रीचा वास हे पतंगांसाठीचं बोलावणं आहे, माणूस मध्ये आला तो पुष्कळ नंतर.

जास्वंदीचा हिशेब गणपतीवरून करावा. तीही नव्या फुटीवर फुलते आणि छाटणीनंतर फुलायला आठ ते दहा आठवडे घेते. गणपती भाद्रपदात, तेव्हा छाटणी जूनच्या पहिल्या पंधरवड्यात, पाऊस टेकला की. छाटलेल्या फांद्या टाकू नका. पेन्सिलीच्या जाडीच्या, वीतभर लांबीच्या काड्या डोळ्याच्या खाली तिरप्या कापून सावलीतल्या ओल्या वाळूत खोचल्या की महिन्याभरात मुळं धरतात. आपल्याकडच्या घरोघरीच्या तांबड्या जास्वंदीला बी क्वचितच धरतं. माणसाने एका घरून दुसऱ्या घरी दिलेल्या काडीवरच ती जगभर पोचली. लिनियसने 1753 मध्ये तिला चीनचा गुलाब असं नाव दिलं. मलायाने, म्हणजे आजच्या मलेशियाने, 1960 मध्ये तिला राष्ट्रीय फूल केलं. आणि इतकी सर्वदूर पसरलेली ही जास्वंद मूळ रानटी स्वरूपात मात्र कुठल्याही जंगलात सापडलेली नाही.

तिच्या कोवळ्या शेंड्यांवर पिठासारखे पांढरे पुंजके दिसले तर ते पिठ्या ढेकूण. आणि खोडावरून मुंगळ्यांची रांग वर जात असेल तर समजा की ढेकूण आले आहेत किंवा येणार आहेत. मुंगळे त्यांच्या अंगातून पाझरणारा गोड चिकटा पितात, बदल्यात त्यांची राखण करतात, एका फांदीवरून दुसऱ्या फांदीवर नेऊन सोडतात. तोच चिकटा पानांवर सांडून काळी काजळी धरते. म्हणून आधी मुंगळ्यांची वाट तोडायची, खोडाभोवती चिकट पट्टी बांधायची. मग पाच मिलिलिटर निंबोळी तेल आणि साबणाचे दोन-चार थेंब लिटरभर पाण्यात घुसळून संध्याकाळी फवारायचं, आठवड्याने परत. दुपारच्या उन्हात तेल फवारलं तर पान भाजतं. सकाळी फवारू नये याचं आणखी एक कारण: शिंजीर तेव्हा फुलांवर असतात. चोच आत घालून लटकलेला नर शिंजीर उन्हात एकदा जांभळा, एकदा हिरवा चमकतो. तो फुलात असताना हातातलं काम थांबवावं, इतकी साधी गोष्ट मी नातवंडांना शिकवली आहे.

चाफ्याबद्दल लोकांना सांगितलं की विश्वास बसत नाही. देवळाच्या पायरीशी शेकडो वर्षं उभा असल्यासारखा वाटणारा पांढरा देवचाफा अमेरिकेतला आहे, मेक्सिको आणि कॅरिबियन बेटांकडचा. दसऱ्याच्या तोरणातला झेंडू मेक्सिकोचा. निशिगंध तिथलाच. संध्याकाळी चारनंतर उमलणारी गुलबक्षीही अमेरिकेची. कोलंबसानंतर स्पॅनिश आणि पोर्तुगीज जहाजांनी ही झाडं जगभर नेली. नागावपासून हाकेच्या अंतरावर रेवदंड्याला 1740 पर्यंत पोर्तुगीजांचा कोट होता हे आठवलं की ही जहाजं फार लांबची राहत नाहीत. उलटा प्रवासही झाला. गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य गोव्यात राहिला, मुंबई बेट त्याच्याकडे खंडाने होतं. 1563 मध्ये गोव्यात छापलेल्या आपल्या ग्रंथात त्याने रात्री फुलून पहाटे सगळी फुलं टाकून देणाऱ्या एका झाडाचं वर्णन केलं आणि त्याला दुःखी झाड म्हटलं. आपला पारिजातक. लिनियसने शास्त्रीय नाव देताना तेच दुःख त्यात घातलं: निक्टँथिस अर्बोर-ट्रिस्टिस. पहाटे सडा पडलेला पाहून आपल्याला आनंद होतो आणि त्याला उदास वाटलं, एवढा फरक.

चाफ्याची फांदी लावताना घाई करू नये. तोडली की चीक भळभळतो. ती आठ-दहा दिवस सावलीत उभी ठेवून जखम पूर्ण सुकू द्यावी, मगच वाळूत लावावी. ओल्या जखमेने लावलेली फांदी कुजते. पावसाळ्यात पानांखाली नारिंगी भुकटी दिसते, तो तांबेरा. पानं गळतात, झाड मरत नाही. गळलेली पानं गोळा करावीत, एवढंच. आणि एक नवलाची गोष्ट: या फुलात मध नसतोच. मधाच्या आशेने पतंग येतात, फुलाफुलांतून सोंड घालून शोधतात, परागकण इकडून तिकडे नेतात आणि रिकाम्या सोंडेने जातात.

सोनचाफा घ्यायचा तर कलमी घ्यावा. बियांच्या रोपाला फुलं यायला सात-आठ वर्षंही लागतात, कलम दोन-अडीच वर्षांत फुलतं आणि कुंडीतही राहतं. त्याच्या मुळाशी पाणी साचलेलं त्याला एक दिवसही खपत नाही, तेव्हा वाळूची जमीन त्याला मानवते. अबोलीच्या मुळांवर गाठी दिसल्या तर ती सूत्रकृमींची करणी. वाळूच्या जमिनीत त्यांचा उपद्रव फार. तिथे एक हंगाम झेंडू लावावा, त्याच्या मुळांतल्या द्रव्याने सूत्रकृमी कमी होतात, मग निंबोळी पेंड घालून पुन्हा अबोली. अबोलीच्या सुक्या बोंडावर पावसाचा थेंब पडला की ते ताडकन फुटतं आणि बी दूर उडतं. सुकं बोंड पाण्याच्या वाटीत टाकून मुलांना दाखवा, नंतर ती तुम्हाला अबोलीजवळून हलू देणार नाहीत.

आणि विकत न आणताही येणारी जी फुलं असतात त्यांना थोडी जागा सोडा. गौरीला लागणारा तेरडा कुंपणाकडेला आपणहून उगवतो. त्याचा रंग तीनच दिवसांचा असला तरी गौरही तेवढेच दिवस राहते. तण म्हणून तो जुलैत उपटला जातो आणि ऑगस्ट-सप्टेंबरात लोक बाजारात त्याच्या जुड्या विकत घेतात.

आईचं वय आता ब्याऐंशी. गुडघ्यांमुळे विहिरीपर्यंत जाणं होत नाही. यंदा 1 मे ला मी मीटर पाण्यात बुडवला, आकडा 610 आला. कॅलेंडरवर लिहिला आणि त्याच पाण्याचा तांब्या तिला ओटीवर नेऊन दिला. तिने चूळ भरली, बाजूच्या कर्दळीत टाकली.

"अनंताला नको देऊस हे," ती म्हणाली. "मोगऱ्याला अजून आठ दिवस चालेल."